वाटणाऱ्याची चूक, खेळणाऱ्याची जबाबदारी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि पडद्यावरच्या पोकरचे दरवाजे या देशात बंद झाले. प्रत्यक्ष मेजावरचा खेळ मात्र गोव्यात कायद्याच्या आश्रयाने चालू आहे. १९७६ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना, आणि पुढे १९९६ मध्ये जहाजांवरील मेजांना तेथे परवानगी मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोविषयी कायदा केला होता. परंतु तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला.

जुगार असावा की नसावा, हा वाद जुना आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. पण ज्या व्यवसायाला राज्यसंस्था परवाना देते आणि ज्याच्याकडून ती शुल्क व कर घेते, त्या व्यवसायात न्याय कोणत्या मापाने मोजला जातो हे विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. यंत्र पत्ते वाटताना सहसा चुकत नाही, माणूस चुकतो. ही चूक घडली म्हणजे तोटा कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

पोकरच्या मेजावर पत्ते पिसणारा व वाटणारा डीलर हा कॅसिनोचा नोकर असतो. तो स्वतः खेळत नाही. द्यूतसभेत फासे टाकणारा शकुनी एका पक्षाचा होता. आधुनिक डीलर कोणत्याच पक्षाचा नसतो, निदान नसावा अशी अपेक्षा असते. खेळाडू एकमेकांविरुद्ध पैसे लावतात आणि कॅसिनो प्रत्येक डावातील रकमेचा ठरावीक अंश किंवा प्रवेशशुल्क घेऊन बाजूला राहतो. डीलरने चुकून एखाद्याचे पत्ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात ओढले, लावलेली रक्कम चुकीची सांगितली किंवा जिंकलेली रक्कम भलत्याच्याच पुढे सरकवली, तर त्याचा लाभ कॅसिनोला होत नाही. तो दुसऱ्या खेळाडूला होतो. या प्रश्नातील सारी गुंतागुंत येथून सुरू होते.

पोकर स्पर्धांच्या संचालकांची एक संघटना २००१ मध्ये स्थापन झाली. तिची नियमावली जगातील अनेक स्पर्धांनी स्वीकारली आहे. तिचा दंडक कठोर आहे : आपल्या पत्त्यांचे रक्षण करणे ही सर्वस्वी खेळाडूची जबाबदारी. डीलरने चुकून ते ढिगात मिसळले तर खेळाडूला दाद नाही आणि डावात लावलेले पैसेही परत नाहीत. त्याने वाढवलेली आणि कोणी न स्वीकारलेली रक्कम तेवढी परत मिळते. प्रतिस्पर्ध्याने किती रक्कम लावली हे विचारल्यावर डीलरने चुकीचा आकडा सांगितला, तरी खरी रक्कम जाणून घेण्याचा भार विचारणाऱ्यावरच. उघड केलेल्या पत्त्यांच्या वाचनाविषयीचा आक्षेपही पुढचा डाव सुरू होण्यापूर्वी घेतला पाहिजे. नंतर तो ऐकला जात नाही.

बँकेच्या खिडकीवर 'पैसे मोजून घ्यावेत, नंतर तक्रार चालणार नाही' अशी पाटी वाचलेल्या मध्यमवर्गीय वाचकाला हा न्याय अनोळखी वाटणार नाही. त्यात तथ्यही आहे. पालथे पत्ते एकदा ढिगात गेले की ते कोणाचे आणि कोणते होते हे मेजावर कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. केवळ शब्दावर विश्वास ठेवायचे ठरवले, तर हरलेला प्रत्येक जण आपल्याजवळ एक्केच होते असे सांगू लागेल. शिवाय भरपाई द्यायची तर ती निरपराध प्रतिस्पर्ध्याच्या खिशातून काढावी लागेल. म्हणूनच पत्त्यांवर एखादी चकती वा वजन ठेवण्याची सवय अनुभवी खेळाडू अंगी बाणवतात. एवढी सावधगिरी ज्याच्या हातात आहे, त्याने ती घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

परंतु या तर्काला मर्यादा आहे आणि नियमावलीलाही ती मान्य आहे. पत्ते उताणे करून मेजावर मांडलेले असतील आणि तो हात उघडपणे जिंकणारा असेल, तर डीलरच्या चुकीने तो बाद होत नाही. पत्ते स्वतः बोलतात. ते मांडणाऱ्याने तोंडाने काय जाहीर केले याला महत्त्व नाही. इतकेच नव्हे, तर हात वाचण्यात किंवा रक्कम देण्यात चूक होत आहे असे दिसल्यास, त्या डावात नसलेल्या खेळाडूनेही बोलावे, असे हीच नियमावली सांगते. आणि तिचे पहिलेच कलम असे की, असाधारण प्रसंगी तांत्रिक नियमापेक्षा न्यायबुद्धीला प्राधान्य द्यावे. अर्थात स्वतःच्या पत्त्यांबाबत खेळाडूवर सावधगिरीचा भार आहे, तसाच दुसऱ्याच्या बाबतीत सचोटीचाही आहे. आपल्यापुढे चुकून आलेली रक्कम गुपचूप आवरून घेणारा आपण नियम मोडला नाही असे म्हणेल. पण त्याने खेळ मोडलेला असतो.

डीलरच्या अज्ञानाचा फायदा कोठवर घेता येतो, याचा निवाडा ब्रिटनमध्ये झाला. तो खेळ पोकर नव्हता, पुंतो बांको हा होता. पण प्रश्न याच जातीचा होता. प्रसिद्ध पोकरपटू फिल आयव्ही याने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांना सारखी नव्हती. शुभशकुनाची बतावणी करून त्याने व त्याच्या सहकारी स्त्रीने काही पत्ते डीलरकरवी उलट दिशेने फिरवून घेतले आणि मग पाठीवरूनच पत्ता ओळखला. कॅसिनोने पैसे नाकारले. आपण केवळ चातुर्य वापरले असे आयव्हीला प्रामाणिकपणे वाटत होते. तरीही २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती फसवणूक ठरवली. अजाण डीलरकडून काम करवून घेणे हे निरीक्षण नव्हे, हस्तक्षेप होय, हे त्या निकालाचे मर्म आहे.

आयव्ही न्यायालयात जाऊ शकला, कारण ब्रिटनच्या २००५ च्या कायद्याने जुगाराचे करार अंमलयोग्य केले आहेत. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार शून्य मानते. जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा लावता येत नाही. त्यातच २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोतील खेळास मज्जाव आहे. म्हणजे मेजावर बसणारा हा परगावचा पाहुणा. ज्याला न्यायालयाचा आधार नाही आणि मुक्कामही दोन दिवसांचा, त्याला मेजावर मिळेल तेवढाच न्याय.

म्हणूनच परवाना देणाऱ्या शासनाने काही किमान अटी घालणे अगत्याचे आहे. चुकीविषयीचे नियम मराठी, कोंकणी व हिंदीतही मेजाजवळ लावलेले असावेत. तक्रारीची लेखी नोंद व्हावी आणि कॅमेऱ्यातील चित्रण पाहूनच निर्णय दिला जावा. उताण्या पत्त्यांच्या किंवा रकमेच्या हिशेबात डीलरची चूक सिद्ध झाली आणि रक्कम परत फिरवणे शक्य नसेल, तर भरपाई कॅसिनोने आपल्या उत्पन्नातून करावी. डीलरच्या पगारातून नव्हे. रात्रभर उजेडात बसून अखंड हिशेब ठेवणाऱ्या माणसाची चूक ही पुष्कळदा त्याच्या पाळीच्या लांबीची चूक असते आणि ती लांबी मालक ठरवतो.

विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील बेरीज चुकली, तर गुणपडताळणीची सोय असते. बेरजेवर लक्ष ठेवणे ही तुझीच जबाबदारी होती, असे त्याला कोणी सुनावत नाही. सावधगिरीची अपेक्षा तेथेच न्याय्य ठरते, जेथे सावध राहणे त्या माणसाच्या हाती असते. पालथे पत्ते खेळाडूच्या हाताखाली असतात. त्यांची राखण त्याने करावी. उघडे पत्ते व मोजलेली रक्कम डीलरच्या हाताखाली असते. तिची जोखीम, ती सेवा विकून पैसे घेणाऱ्या कॅसिनोचीच आहे.