न्यायाधीश गावात यावा, गावातला नको



‘गावचे तंटे गावच्या पंचांकडेच द्या’ हे पत्र वाचले. कन्नडच्या कोर्टातल्या तारखांपायी मजुरी बुडते, हे खरेच. पण बांधाच्या वादात पंच कुणाचा तरी भाऊबंद निघतोच. मग दाद कुठे मागायची? ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ मध्ये यावर तोड आहे. उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमलेल्या न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावी येऊन विहिरीचे, पाटाचे पाणी, किमान वेतन असले दावे चालवायचे. वर अपीलही आहे. (वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा तहसीलदारांच्या हाती आहेच.) पत्रलेखकांनी पंचांऐवजी देवगावसाठी फिरते न्यायालय मागावे, अर्जावर पहिली सही माझी.

– एक वाचक, देवगाव रंगारी, ता. कन्नड