खातं तिच्या नावाचं, पासवर्ड कुणाकडे?



त्र्यंबकेश्वरला आमच्या गटाची बैठक होती. इथे घरोघरी यात्रेकरूंना खोल्या भाड्याने देतात आणि सिंहस्थ आला की त्या वाढतात. बोलता बोलता एक मैत्रीण म्हणाली, ‘‘आईचं घर माझ्या वाट्याला आलं. चादरी धुण्यापासून हिशेबापर्यंत सगळं मी बघते. पण सरकारदरबारी माझं उत्पन्न किती दाखवलंय ते मला ठाऊक नाही. रिटर्न हेच भरतात. ओटीपी यांच्याच मोबाईलवर येतो.’’ मग एकेक जण बोलू लागली. कुणाचा पासवर्ड मुलाकडे, कुणाचा दिराकडे, तर कुणाचा करसल्लागाराकडे. बारा जणींपैकी एकीलाही तो ठाऊक नव्हता.

पूर्वी रिटर्नचा कागद निदान सहीसाठी घरी यायचा. ‘कशावर सही करू?’ एवढं तरी विचारता यायचं. आता सहीची जागा सहा आकड्यांनी घेतली आहे. ते आकडे दुसऱ्याच्या फोनवर जात असतील, तर तेवढं विचारण्याचीही सोय उरत नाही.

‘आम्हाला कुठे कर लागतो?’ असं काही जणी म्हणतील. खरं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पण कर नसला तरी रिटर्न भरलं जातं. कधी कर्जासाठी, कधी कापलेला टीडीएस परत मिळवण्यासाठी, तर कधी घरातलं उत्पन्न वाटून दाखवण्यासाठी. हा शेवटचा प्रकार समजून घ्यायला हवा. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने बायकोच्या नावावर घर घेतलं, तर त्याचं भाडं आयकर कायदा सहसा नवऱ्याचंच उत्पन्न धरतो. तरीही ते तिचं म्हणून दाखवलं, तर उत्तर देण्याची पाळी तिच्यावरही येऊ शकते.

खरी अडचण होते ती संसार मोडतो तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. नवऱ्याची खरी कमाई उघड व्हावी म्हणून हा निकाल आपल्या कामाचा आहे. पण तिच्या नावाने इतर कुणी भरलेली रिटर्न्सही तिथे पुढे येतात. ‘बाई स्वतः कमावती आहे, हे पाहा कागद’, असं म्हणायला ती पुरतात. ज्या पैशाला तिने कधी हातही लावला नाही, तो तिची कमाई ठरतो.

इंग्लंडमध्ये १९९० पर्यंत विवाहितेचं उत्पन्न करासाठी नवऱ्याचंच धरलं जाई. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न सहसा नवरा-बायकोत निम्मंनिम्मं मोजलं जातं. आपल्याकडे पत्नीची आकारणी स्वतंत्र आहे. कायद्याने दिलेलं हे स्वतंत्रपण आपण पासवर्डाबरोबर दुसऱ्याच्या हाती देतो आहोत.

मग करायचं काय? कर भरणं अवघड नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ‘ई-पे टॅक्स’ आहे. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. पॅन आणि मोबाईल नंबर द्यायचा, आलेला ओटीपी टाकायचा, वर्ष आणि कराचा प्रकार निवडायचा. चालू वर्षाचा कर आधीच भरायचा असेल तर अग्रिम कर, रिटर्नच्या वेळी बाकी निघाली तर स्वयंनिर्धारण कर. पैसे यूपीआयने, डेबिट कार्डाने किंवा नेट बँकिंगने जातात. फोनवरून पैसे पाठवायची भीती वाटत असेल, तर चलन छापून ते ठरावीक बँकेत भरता येतं. वर्ष नीट पाहा. ते चुकलं तर भरलेला पैसा भलत्याच वर्षात दिसतो. पावती जपून ठेवा.

आपल्या खात्यात डोकावण्यासाठी मात्र लॉगिन हवं. तिथे पॅन हाच युजर आयडी. पासवर्ड माहीत नसेल, तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून नवा करता येतो. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन आपलाच नंबर जोडून घ्या. मग तीन गोष्टी पाहा : आजवर कोणती रिटर्न्स भरली गेली, वार्षिक माहिती विवरणात कोणकोणतं उत्पन्न नोंदलं आहे, आणि परतावा कोणत्या बँक खात्यात जातो.

घरच्यांची मदत घ्यायला हरकत नाही. मात्र तो भरत असताना शेजारी बसा, विचारा, पावती मागा. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न येईलच. विश्वास आहे, पण नाव माझं आहे, एवढंच उत्तर पुरे.

आपल्यातल्या कितीतरी जणींकडे स्वतःचा फोन नाही. ब्रह्मगिरीच्या आसपासच्या पाड्यांवर फोन असून रेंज नसते. म्हणूनच हे काम एकटीने करायचं नाही. गटाची एक बैठक यासाठी ठेवा. आम्ही ठेवली. त्या दिवशी चौघींनी पहिल्यांदा स्वतःचं खातं उघडून पाहिलं. त्यातली एक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. तिच्या नावावर एक दुकान होतं, जे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तुमच्या गटात काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.