बटईदार अन् जागल्या : बुरशीची पुडी घेण्याआधी दोन शब्द



हळद लागवडीचे दिवस जवळ आले की गावोगाव जैविक किटचा बाजार सुरू होतो. एका खोक्यात मायकोरायझा, ट्रायकोडर्मा, सोबत आणखी दोन-चार बाटल्या. मोबाईलवर पांढऱ्याशुभ्र मुळ्यांचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, ‘हे टाका, मुळी बघा’. एकराला दोन-तीन हजार सहज जातात. किट घेतलेल्या शेतकऱ्याच्या त्याच पिशवीत खाली बघितलं तर कार्बेन्डाझिमची पुडी असते, अन् ट्रॉलीत डीएपीची पोती.

माझं म्हणणं सरळ आहे. या बुरश्या खोट्या नाहीत. काम करतात. पण त्या औषध नाहीत, जीव आहेत. बैल विकत आणून त्याला गोठा नाही, चारा नाही, वर विष घालायचं, अन् मग म्हणायचं बैल कामाचा नव्हता. सध्या आपण बरेच जण पैसे देऊन हेच करतोय.

आधी दोघांतला फरक समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही एकाच रांगेत ठेवलेले असतात अन् आपण दोन्हीला ‘चांगली बुरशी’ म्हणून मोकळे होतो.

मायकोरायझा हा बटईदार आहे. तो पिकाच्या मुळीच्या आत घर करतो अन् तिथून बाहेर मातीत आपले धागे पसरवतो. हे धागे मुळीच्या केसापेक्षाही बारीक. स्फुरद जमिनीत पाण्यासोबत पळत नाही, जिथल्या तिथं बसून राहतो. मुळीच्या अगदी जवळचा स्फुरद संपला की मुळी उपाशी, जरी दोन बोटांवर साठा असला तरी. तिथपर्यंत हा धागा जातो, स्फुरद आणतो, जस्तही आणतो. बदल्यात पीक त्याला आपण बनवलेलं अन्न देतं. कधी कधी एकूण कमाईचा पाचवा हिस्सा जातो असं अभ्यासक सांगतात. म्हणजे फुकट काही नाही, हिश्श्याचा व्यवहार आहे.

ट्रायकोडर्मा हा जागल्या आहे. तो मुळीच्या आसपास, शेणखतात, काडीकचऱ्यात राहतो. फ्युजारियम, स्क्लेरोशियम असल्या रोगाच्या बुरशीला विळखा घालतो, तिची भिंत विरघळवतो, तिचं खाणं आधी खाऊन टाकतो. त्याला जिवंत मुळीची गरज नाही, पण सेंद्रिय खाणं अन् ओलावा लागतो. म्हणून तो ज्वारीच्या दाण्यावर सुद्धा वाढवता येतो. मायकोरायझा मात्र जिवंत मुळीशिवाय वाढत नाही. तो मका, ज्वारी असल्या पिकाच्या मुळीवर वाढवावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत जिवंत मुळी ठेवून तिच्यावर. त्यामुळे ‘गुळाच्या पाण्यात भिजवा, दोनशे लिटर मायकोरायझा तयार’ असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडा अन् पुढं चला. गुळाच्या पाण्यात दुसरं काही वाढेल, हा वाढणार नाही.

आता बटईदाराला आपण हाकलतो कसं ते बघा.

पहिलं कारण डीएपी. पन्नास किलोच्या पोत्यात तेवीस किलो स्फुरद असतो. बेसलला दोन पोती टाकली अन् जमिनीत आधीच साठा असला की पिकाला दारातच स्फुरद मिळतो. मग ते बटईदाराला हिस्सा कशाला देईल? पीक त्याला मुळीत शिरू देत नाही, शिरला तरी वाढू देत नाही. हा काही माझा अंदाज नाही, जादा स्फुरदात मायकोरायझा मुळीत कमी बसतो ही जुनी, पक्की गोष्ट आहे. तरी किट अन् डीएपी एकाच दिवशी एकाच बेडवर पडतं. मी डीएपी बंद करा म्हणत नाही. माती तपासा. स्फुरद भरपूर निघाला तर डीएपी तरी कमी करा, नाहीतर मायकोरायझाचे पैसे तरी वाचवा.

दुसरं कार्बेन्डाझिम. हे बुरशीनाशक रोगाची बुरशी अन् आपली बुरशी असा फरक करत नाही. ट्रायकोडर्मा त्यात टिकत नाही, मायकोरायझाही मार खातो. अन् ते आंतरप्रवाही आहे, वरून धुऊन जात नाही. बेणं त्यात बुडवून, दोन दिवस सावलीत सुकवून मग जैविकात बुडवायचं असा सल्ला असतो. थेट मिसळण्यापेक्षा ते बरं. पण माझ्या मते ज्याला कार्बेन्डाझिम लावायचंच आहे, त्यानं त्या हंगामात बेण्याला मायकोरायझा लावायचा खर्च करू नये. दोन घोड्यांवर बसू नये.

सगळी बुरशीनाशकं सारखी नाहीत, हेही सांगतो. हळदीची कंदकुज बऱ्याचदा पिथियममुळे होते. पिथियमला आपण बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही. मेटॅलॅक्झिल मुख्यतः या घराण्यावरच चालतं, आपल्या बुरश्यांना त्याचा त्रास कार्बेन्डाझिमच्या मानानं बराच कमी. अडचण अशी की दुकानात ते बहुतेक मँकोझेबसोबत मिळतं. म्हणून मी आळवणी केली तर पंधरा दिवस थांबतो, मग शेणखतातून ट्रायकोडर्मा देतो.

तिसरं कारण पाणी. पिथियमचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. बेडमध्ये पाणी तुंबलं की रोगाला रस्ता मोकळा, अन् जागल्याला हवा मिळत नाही म्हणून तो आडवा. श्रावणात आठ दिवस झड लागली अन् चर काढलेला नसला, तर कुठलीही पुडी हळद वाचवत नाही. चराची मजुरी ही माझ्या हिशेबात पहिली मूळसंरक्षक फवारणी आहे.

चौथं, फेरपालट. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, पालक, बीट ही पिकं मायकोरायझाशी सोयरीक करत नाहीत. कोबीच्या रोपाला मायकोरायझा विकणारे मी बघितलेत अन् घेणारेही. तो पैसा पाण्यात. याउलट ज्वारी, मका, तूर, हरभरा, हळद, कांदा, डाळिंब यांची त्याच्याशी चांगली जमते. आपले वडील खरिपात ज्वारीत तूर पेरायचे, रब्बीला ज्वारी ठेवायचे. वर्षातले बरेच महिने जमिनीत जिवंत मुळी असायची, बटईदाराला घर असायचं. त्यांना नाव माहीत नव्हतं, काम मात्र होत होतं. आता सोयाबीन निघालं की पाणी असलेलं रान हरभऱ्याला, नसलेलं उन्हाळ्यापर्यंत उघडं, अन् वर दोनदा खोल नांगरट. नांगर धाग्यांचं जाळं तोडतो. बांधावरच्या जुन्या गवताच्या मुळाशी मात्र ते शाबूत असतं.

एवढं सांभाळलं तर पुडीची गरज अर्धी होते. तरी घ्यायचीच असली तर दोन गोष्टी बघून घ्या.

ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली येतो. पुडीवर नोंदणी क्रमांक हवा, अन् एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत कण हवेत. मायकोरायझा खत नियंत्रण आदेशाखाली जैविक खत म्हणून येतो, त्यात एका ग्रॅमला किमान शंभर जिवंत कण. हे आकडे, बनवल्याची तारीख अन् शेवटची तारीख पुडीवर नसेल तर पुडी परत द्या. दुकानदार ओळखीचा असला तरी द्या. अन् पुडी कुठं ठेवलेली होती ते बघा. मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात आपण उभं राहू शकत नाही, तिथं ट्रायकोडर्मा दोन महिने काय करत असेल? परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स आणायला आपल्याकडचे लोक एवढ्या लांबून जातात, त्याचं एक कारण हेच आहे की माल ताजा मिळतो याची खात्री वाटते.

वापरायची माझी पद्धत साधी. हरभऱ्याला किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, पेरणीआधी, सावलीत. हळदीला दोन किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात, सावलीत, वर ओलं गोणपाट, सात-आठ दिवस. पांढरट-हिरवी बुरशी धरली की बेडमध्ये ओलीवर. मायकोरायझा मात्र लागवडीलाच, बेण्याच्या खाली किंवा चिकटून. तो चालत मुळीपर्यंत जात नाही, मुळीला तो लागला पाहिजे. तीन महिन्यांच्या उभ्या पिकात वरून फेकलेला मायकोरायझा म्हणजे गावाबाहेर उतरवलेला पाहुणा.

आता मूळ मुद्दा. हे काम करतं की नाही, हे कळणार कसं?

सोयाबीन उपटलं की मुळीवरच्या गाठी दिसतात. फोडली तर आतून लालसर दिसते, म्हणजे काम चालू. मायकोरायझाचं असं नाही. हळदीच्या मुळीत तो आहे का, हे डोळ्यांनी दिसतच नाही. मुळी धुऊन, औषधात शिजवून, निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. म्हणून पांढऱ्या मुळीचा फोटो हा मायकोरायझाचा पुरावा होत नाही. भुसभुशीत बेड असला, शेणखत असलं, ओल बेताची असली की मुळी पांढरीच असते. काही दाणेदार मालात ह्युमिक अन् समुद्री शेवाळाचा अर्कही मिसळलेला असतो. मुळी फुटली तर श्रेय कुणाचं?

यावर माझ्याकडं एकच उत्तर आहे, कोरा बेड. गेली तीन सालं मी हळदीत दरवर्षी चार बेड कोरे ठेवतो. दोन चांगल्या रानात, दोन हलक्या रानात. बाकी खत, पाणी, बेणं सगळं सारखं, फक्त मायकोरायझा नाही. काढणीला दोन्हीकडचं सारख्या लांबीचं बेड खणून वजन करायचं. विहिरीजवळच्या काळ्या रानात, जिथं वर्षानुवर्षं शेणखत अन् स्फुरद पडलाय, तिथं तिन्ही वर्षी काही फरक नाही. वरच्या मुरमाड रानात तीनपैकी दोन वर्षी हळकुंड भरीव अन् वजन जास्त, तिसऱ्या वर्षी सारखंच. म्हणून आता मायकोरायझा फक्त वरच्या रानात. निम्मा खर्च वाचला.

हरभऱ्यातही तेच केलं. ट्रायकोडर्मा लावलेल्या तासांत मर कमी दिसली, पण त्याहून मोठा फरक वाणानं पडला. मरीचा फ्युजारियम जमिनीत सहा-सहा वर्षं टिकतो. अशा रानात घरचं मिसळलेलं बी पेरून नुसत्या पुडीवर भिस्त ठेवायची अन् शेजारी मर सहन करणारा विजय, दिग्विजय किंवा जाकी ९२१८ पेरलेला असायचा, तर शेजारी जिंकणार. जागल्या एकटा किती जणांना अडवेल?

हे माझ्या रानाचं झालं. तुमची माती वेगळी, तुमचं उत्तर वेगळं येईल. म्हणून तर कोरा बेड तुमच्या रानात हवा. कुणी म्हणतं, ‘दादा, मी टाकलं अन् हळद झकास आली.’ आली असेल. पाऊसही झकास होता, अन् न टाकणाऱ्याचीही आली. शेजारी कोरा बेड नसेल तर ते सांगणं म्हणजे नवस फेडल्यासारखं आहे. पीक आलं, नारळ फोडला.

हे पान कृषी खात्यातले, कृषी विज्ञान केंद्रातले साहेब लोकही वाचतात, म्हणून त्यांना हात जोडून तीन गोष्टी. एक, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये कोरा पट्टा ठेवा अन् शिवारफेरीत आधी तोच दाखवा. दोन, सल्ल्याच्या एकाच कागदावर वर कार्बेन्डाझिम अन् खाली ट्रायकोडर्मा लिहिता तेव्हा मध्ये किती दिवस थांबायचं तेही लिहा, नाहीतर आम्ही दोन्ही एकाच बादलीत घालतो. तीन, मुळी रंगवून बघायची सोय तालुक्यापर्यंत आणा. माती तपासून मिळते तशी मुळी तपासून मिळाली, तर निम्मा खोटा माल आपोआप बंद होईल. दुकानातल्या पुड्यांचे नमुने घेण्याबद्दल मी वेगळं काय सांगू, ते तुमचं कामच आहे.

अन् आपल्या लोकांना एकच. यंदा किट घ्या किंवा घेऊ नका, पण आधी चर काढा, माती तपासा, शेणखत कुजवा, डीएपीचा हात आखडा. मग पुडी. अन् चार बेड कोरे सोडा, खुंटी ठोकून ठेवा म्हणजे गडी विसरून तिथंही टाकणार नाही. काढणीला काटा घेऊन वजन करा अन् मला लिहा. फरक पडला तरी लिहा, नाही पडला तरी लिहा. नाही पडलेल्याचं तर आवर्जून लिहा, कारण ते कुणी छापत नाही.

राम राम.