वारशातील समाजाचा वाटा

वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर कर असावा की नसावा, हा प्रश्न २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात एकाएकी पुढे आला आणि तितक्याच त्वरेने मागे सारला गेला. एका पक्षाने तो दुसऱ्याच्या माथी मारला, दुसऱ्याने तो अंगावरून झटकून टाकला, आणि असा कर बसविण्याचे पाप आपण करणार नाही, एवढ्यापुरते उभयतांचे एकमत झाले. निवडणुकीच्या धुमाळीत याहून निराळे काही घडावे अशी अपेक्षा नव्हतीच. परंतु ज्या प्रश्नाला राजकीय पक्ष भितात, त्याचा शांतपणे विचार करणे हे निदान सुशिक्षित नागरिकांचे तरी कर्तव्य आहे. मोठ्या वारशावर माफक कर बसविणे न्याय्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्या समर्थनार्थ परदेशीचे दाखले शोधीत जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके डोळसपणे पाहिले तरी पुरे.

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. डिंभे धरणाच्या जलाशयात घोड नदीकाठचे मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याला नाव राहिले, गाव राहिले नाही. पश्चिमेकडील महादेव कोळी कुटुंबांनी डोंगरउतारावर दगड रचून, माती अडवून पिढ्यान्‌पिढ्या जी भातखाचरे तयार केली होती, त्यांतील कितीतरी पाण्याखाली गेली. मोबदला दिला गेला हे खरे. पण कित्येक कुटुंबे वर डोंगराकडे सरकली, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळावर पेरणी करून राहिली. वाडवडिलांची जमीन हाच त्यांचा वारसा होता. सार्वजनिक हितासाठी शासनाने तो घेतला, आणि घेताना वारसाहक्क पवित्र आहे असे कोणीही म्हटले नाही.

आता तेच पाणी खाली कोठे गेले ते पाहावे. आंबेगावच्या पूर्वभागात, जुन्नरच्या सपाटीवर, पुढे शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत कालवे गेले. जेथे बाजरीवर समाधान मानावे लागे, तेथे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो पिकू लागले. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या समृद्धीत शेतकऱ्याचा घाम आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे आमच्या मनातही नाही. परंतु जमिनीची जी किंमत वाढली ती केवळ घामाने वाढलेली नाही. ती सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धरणाने, कालव्याने, रस्त्याने आणि विजेने वाढली. आणि ज्यांनी आपली खाचरे दिली त्यांच्या त्यागाने वाढली. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या भूखंडांच्या आणि खुद्द पुणे शहरातील इमारतींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तेथे मालकाने कुदळही मारलेली नसते. शहर वाढले, एवढेच त्याचे कर्तृत्व. समाजाने निर्माण केलेले हे मूल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाताना त्यातील काही अंश समाजाने परत मागितला, तर त्यास लूट कसे म्हणता येईल?

यावर पहिला आक्षेप असा की, वारसा हा निसर्गदत्त हक्क आहे. तसा तो असता तर कायद्याने तो वारंवार बदलता आला नसता. १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला. त्यापूर्वी तो तिला नव्हता. कोणी, काय आणि किती घ्यावे हे समाज कायद्याच्या द्वारे ठरवितो, आणि तो कायदा न्यायाच्या कल्पनेबरोबर बदलतो. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने तर शेतजमिनीवर प्रत्यक्ष मर्यादाच घातली. खेड्यातील वारशाला मर्यादा आहे. शहरातील सदनिका, रोखे व समभाग यांच्या वारशाला ती का नसावी, याचे उत्तर आमच्या शहरी वाचकांनी स्वतःशीच द्यावे.

दुसरा आक्षेप दुहेरी कराचा. बापाने प्राप्तिकर भरला, मग मुलाने पुन्हा का भरावा? बापाच्या मिळकतीवर कर बसला असेल, पण जमिनीच्या वा समभागांच्या वाढलेल्या किमतीवर, त्या विकल्या जात नाहीत तोवर, कर बसतच नाही. शिवाय घेणाऱ्याच्या दृष्टीने वारसा ही पहिलीच प्राप्ती असते. महिनाभर शिकवून शिक्षकाला मिळणाऱ्या पगारातून कर आधीच कापला जातो. काहीही न करता कोट्यवधींची मालमत्ता मिळालेल्यास मात्र एक पैही द्यावी लागत नाही. श्रमाला कर आणि जन्माला माफी, ही विषमता कोणत्या नीतीत बसते?

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे व तो अधिक विचारार्ह आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकर आला. त्याचे निव्वळ उत्पन्न राज्यांना वाटून देण्याची तरतूद घटनेतच होती. हेतू उत्तम होता, पण पुढे कमाल दर शेकडा ८५ पर्यंत चढविला गेला. एवढ्या दराने माणूस कर भरीत नाही, पळवाटा शोधतो. त्याच मालमत्तेवर १९५७ पासून संपत्तिकरही होताच. परिणामी वसुली वर्षास सुमारे वीस कोटी रुपयांवर थांबली, व्यवस्थेचा खर्च त्या मानाने डोईजड झाला, आणि १६ मार्च १९८५ पासून विश्वनाथ प्रताप सिंग यांनी हा कर उठविला. पुढे २०१५ सालच्या अर्थसंकल्पात संपत्तिकरही गेला. या इतिहासातून तत्त्व चुकीचे होते असे सिद्ध होत नाही. रचना चुकीची होती एवढेच सिद्ध होते. स्वीडनने २००४ साली असा कर काढून टाकला हे खरे, पण ब्रिटनमध्ये तो शेकडा ४० आहे, जपानमध्ये कमाल ५५ आहे, आणि त्या देशांतील उद्यम काही थांबलेला नाही.

मग रचना कशी असावी? कराची किमान मर्यादा इतकी उंच असावी की, मध्यमवर्गीयाचे राहते घर आणि स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याची जमीन तिच्या आतच राहील. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे दाटली आहेत आणि वाट्यास काही गुंठे येत आहेत, अशा कुटुंबास या कराची झळ पोहोचता कामा नये. कर मृताच्या एकूण मालमत्तेवर न बसविता प्रत्येक वारसाच्या वाट्यावर बसवावा. म्हणजे संपत्ती अनेकांत विभागण्यास उत्तेजन मिळेल, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाईही थोडी कमी होईल. दर थोडे व माफक असावेत, भरण्यास अनेक वर्षांचे हप्ते असावेत, आणि खाजगी विश्वस्तनिधीची आडवाट आधीच बंद करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, येणारा पैसा तिजोरीच्या डोहात बुडू देऊ नये. ज्यांच्या वाट्यास वारसा म्हणून काहीच येत नाही, अशा मुलांच्या शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांकरिता तो राखून ठेवावा. डिंभ्याच्या जलाशयाकाठची मुले त्यात पहिल्या ओळीत असावीत.

असा कर बसला तर श्रीमंतांचे दातृत्व आटेल, असेही म्हणतात. जुन्नरच्या डोंगरांतील लेणी याची साक्ष देत नाहीत. तेथील शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने कोरवून दिलेल्या लेण्याची आणि पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. ते व्यापारी ज्या नाणेघाटाच्या वाटेने माल नेत, ती वाट जकातीची होती असे परंपरा सांगते. कर आणि दान या दोहोंनाही जागा असलेल्या समाजानेच ही संपन्नता उभी केली. दान ज्याच्या त्याच्या मनावर सोडावे. न्याय मात्र तसा सोडता येत नाही. १९८५ साली बंद केलेले हे प्रकरण संसदेने पुन्हा उघडावे, आणि मागील अनुभवातून शिकून अधिक शहाणा कायदा करावा, अशी आमची मागणी आहे.