एम.फार्म.च्या थिसिसमध्ये फसलेली बॅच का दिसत नाही?

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी फार्मसी करतंय किंवा करणार आहे त्यांनी पूर्ण वाचावी.

आपल्या मुळशी तालुक्याला औषधांचा तालुका म्हटलं तरी चालेल. नांदेला ल्युपिनचं रिसर्च पार्क आहे, घोटावड्याला त्यांचाच बायोटेकचा विभाग आहे, हिंजवडी-माण पट्ट्यात आणखी कंपन्या आहेत. त्याच पट्ट्यात आणि आजूबाजूला फार्मसीची कॉलेजंही झाली. पौड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये बघा, दोनचार एम.फार्म. वाले सापडतीलच. म्हणजे या पोरांना मार्क कसे मिळतात हा प्रश्न आपल्या गावचाच आहे.

आता नियम बघू. फार्मसी कौन्सिलच्या २०१४ च्या एम.फार्म. नियमावलीप्रमाणे एका थिअरी पेपरला १०० मार्क. त्यातले २५ इंटर्नल. त्या २५ मध्ये १० सततच्या मूल्यमापनाचे, आणि या १० मधले ८ निव्वळ हजेरीचे! ९५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर ८ पैकी ८. उरलेले २ शिक्षकांशी संवादाचे. पदव्युत्तर शिक्षणात सततचं मूल्यमापन म्हणजे ऐंशी टक्के मस्टर. असो, ही किरकोळ गोष्ट आहे, मला बोलायचंय ते थिसिसबद्दल.

तिसरं आणि चौथं सेमिस्टर संशोधनाचं. शेवटी प्रबंध द्यायचा, टाईप करून, बाइंड करून, चार प्रती, आणि पानं ७५ पेक्षा कमी नकोत असं नियमातच आहे. प्रबंधाला ५०० मार्क: उद्दिष्टांना ५०, पद्धतीला १५०, निष्कर्ष आणि चर्चेला २५०, समारोपाला ५०. मग सादरीकरणाचे २५०, त्यात संवादकौशल्य ५० आणि प्रश्नोत्तरं १००. एकूण ७५०. या यादीत लॅब नोटबुकचा स्वतंत्र रकाना शोधून दाखवा. नाही. कच्च्या नोंदी, मशीनचे प्रिंट, वजनकाट्याची चिठ्ठी यांना वेगळा एकही मार्क नाही.

याचा परिणाम काय होतो तो ज्यांनी चारदोन थिसिस चाळलेत त्यांना पाठ आहे. फॉर्म्युलेशनचा विषय असेल तर एफ-१ ते एफ-९ अशा नऊ बॅच. त्यातली एक ‘ऑप्टिमाइज्ड’. सॉफ्टवेअरने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष आलेला आकडा यात जेमतेम दशांशाचा फरक. स्टेबिलिटी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला, एक ते तीन महिने, आणि बदल काहीच नाही. गोळी फुटली नाही, दमट झाली नाही, एचपीएलसीवर एखादा आगंतुक पीक आला नाही. अप्पा बळवंत चौकातून सोनेरी अक्षरात बाइंडिंग करून आणलं की झालं.

आता याच क्षेत्राचं वास्तव बघा. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ बाजारात येतच नाहीत. त्याच्या आधी लॅबमध्ये किती रेणू मरतात त्याची तर गणतीच नको. ज्या धंद्यात दहातले नऊ प्रयत्न फसतात, त्याचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांत सगळेच थिसिस यशस्वी कसे होतात? एकतर आपली पोरं जगात सगळ्यात हुशार आहेत, नाहीतर फसलेल्या बॅच कुठेतरी कचऱ्याच्या डब्यात जातात.

मी स्वतः याच भागातल्या एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम करतो. इंटरव्ह्यूला पोरं येतात तेव्हा मी एकच प्रश्न विचारतो: ‘तुझी फसलेली बॅच कोणती आणि ती का फसली?’ बहुतेक जण गप्प बसतात. मागे एक मुलगी आली होती, मावळातली. ती म्हणाली, ‘सर, पहिल्या चार बॅचमध्ये गोळ्यांवरचा थर सुटत होता. ओलावा जास्त राहत होता म्हणून ग्रॅन्युल्स वाळवायची वेळ वाढवली. पण थिसिसमध्ये ते घालू नको म्हणाले, पानं वाढतात आणि एक्स्टर्नल प्रश्न विचारतात.’ तिला आम्ही घेतलं. पण तिच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तिच्या गाईडलाच नको होता, हे मला अजून खटकतं.

कुणी म्हणेल, विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये थोडं गुळगुळीत केलं तर कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि दंड-तडजोड मिळून ५० कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणात स्टेबिलिटीच्या काही चाचण्या कागदावरच्या तारखांना झालेल्याच नव्हत्या. त्या नोंदी करणारे लोक आकाशातून पडले नव्हते, कुठल्यातरी कॉलेजातूनच आले होते. कंपनीत आल्यावर आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो: नोंद त्याच वेळी करायची, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही आणि तारीख. दोन वर्षं जे उलटं शिकलेत त्यांना आठ दिवसांत सुलटं शिकवायचं!

फार्मा मॅनेजमेंटवाल्यांचंही तेच. तिथे प्रेझेंटेशन, चकाचक स्लाइड, बाजारपेठेचे फुगवलेले आकडे. प्रत्येक प्रोजेक्टचा शेवट ‘लाँच करावं’ असाच. २००६ च्या डिसेंबरमध्ये फायझरने टॉर्सेट्रापिब हे हृदयविकारावरचं औषध थांबवलं. चाचणीत औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि तोवर ८० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. थांबवायचं कधी आणि कुठल्या आकड्यावर, हा मॅनेजरचा खरा पेपर. तो प्रश्न परीक्षेत किती वेळा येतो ते आपापल्या ओळखीच्या विद्यार्थ्याला विचारा.

शिक्षकांची बाजूही आहे, ती नाकारत नाही. केमिकल महाग, एचपीएलसी एकच आणि त्यावर रांग, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी यायला महिने. एकेका गाईडकडे किती पोरं. त्यात कुणी म्हणतं, फसलेल्याला मार्क दिले तर सगळे आळशी होतील. हे मला पटत नाही. आळसाने फसलेलं आणि काम करून फसलेलं, यातला फरक नोटबुक पाच मिनिटांत सांगतं. तारखा असतात, वजनं असतात, पुढच्या वेळी काय बदललं ते असतं. आळशी माणसाची वही कोरी असते किंवा एका बसणीत, एकाच पेनाने लिहिलेली असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सादरीकरणाच्या २५० मधले १०० काढून लॅब नोटबुकला द्या. व्हायवाला एक्स्टर्नलने स्वतः एक बॅच नंबर निवडावा आणि तिथल्या तिथे कच्ची नोंद आणि मशीनचा प्रिंट मागावा. ७५ पानांची अट काढा, ४० पानांत चांगलं काम मावतं. आणि नांदे-हिंजवडीच्या शास्त्रज्ञांना एक्स्टर्नल म्हणून बोलवा. मार्कांचे रकाने आणि पानांची अट बदलायला दिल्लीत कौन्सिलकडे जावं लागेल, एक्स्टर्नलची नेमणूक विद्यापीठ करतं. पण नोटबुक दर पंधरा दिवसांनी तपासून गाईडने सही करायची, आणि फसलेल्या बॅचना थिसिसमध्ये एक प्रकरण द्यायचं, याला कुणाचीच परवानगी लागत नाही. येत्या सेमिस्टरपासून होऊ शकतं.

तालुक्यातल्या कुठल्या कॉलेजात हे आधीच सुरू असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी स्वतः येऊन बघेन. आणि एम.फार्म. करणाऱ्या पोरापोरींनो, फसलेल्या बॅचची नोंद फाडू नका. इंटरव्ह्यूला ती वही घेऊन या.