फुगडीला धर्म विचारणाऱ्यांनो

फुगडीला नाच म्हणावं की खेळ, यावरून आमच्याकडे सहज तासभर वाद होऊ शकतो. नाच म्हटलं की कोणीतरी "तौबा" म्हणतं. खेळ म्हटलं की "तो लहान मुलींचा, आता या वयात काय!" मंगळागौरीचं नाव निघालं की "ते त्यांचं आहे, आपलं नाही." तिन्ही दारं बंद झाली. बाहेर कोण उभं आहे, ते एकदा बघून घ्या. पंचेचाळिशीची बाई उभी आहे. गुडघे कुरकुरतात, शुगर वाढलेली आहे, डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून सांगितलंय. जुन्या नाशकात तिने चालायचं कुठे, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. दूध बाजारात सकाळी हातगाड्या, संध्याकाळी दुचाक्या, आणि दिवसभर ओळखीचे डोळे. नवरा, दीर, भाऊ चौकात उभे राहून दोन तास गप्पा मारतात. बाई दोनदा चौकातून गेली की तिसऱ्यांदा विचारणा होते, "कुठे निघालात?"

या बाईने फुगडी घालावी, असं माझं म्हणणं आहे. एकटीने व्यायाम नाही, दुसरीचा हात धरून फुगडी. का, ते सांगते. माझं बीएड भाषांचं आहे, विज्ञानाचं नाही, पण फुगडीतलं विज्ञान मला अंगाने कळलंय.

दोघी समोरासमोर उभ्या राहतात. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, म्हणजे हातांची फुली होते. पावलं जवळ, अंगठ्याला अंगठा जवळजवळ टेकलेला. मग हात ताणून दोघींनी मागे रेलायचं आणि छोट्या छोट्या पावलांनी गिरकी घ्यायची. यात सगळी गोम रेलण्यात आहे. एकजण रेलली आणि दुसरी भीतीने ताठ उभी राहिली, तर फुगडी होतच नाही, दोघी अडखळतात. कोपर वाकवून ओढाओढ केली तरी तेच. दोघींनी आपापलं वजन एकमेकींच्या हवाली केलं की मगच ती फिरते. एक जाड आणि एक बारीक असेल तरी चालतं. बारीक असलेलीने जास्त रेलायचं, जाड असलेलीने थोडं कमी. हा हिशोब कोणी वहीत मांडत नाही. तीन गिरक्यांत अंग आपोआप शिकतं.

आणि चक्कर? इकडेतिकडे बघितलं तर चक्कर येणारच. समोरच्या चेहऱ्यावर नजर ठेवली तर पुष्कळ कमी येते. सगळं जग गरगर फिरत असताना तो एकच चेहरा तुमच्यापुरता जागच्या जागी असतो. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगितलं तेव्हा एक म्हणाली, "मॅडम, मग भांडण झालेलं असेल तर?" मी म्हटलं, मग तर जरूर घाला. हात सुटायच्या भीतीने तरी एकमेकींकडे बघाल.

दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी, जाते फुगडी असे किती प्रकार आहेत! बसफुगडीत उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे टाकायचे असतात. ज्यांना जिममधलं स्क्वॅट हे फार मोठं काम वाटतं त्यांनी बसफुगडीचे दहा झपाटे मारून बघावेत. आमच्या आज्या ते हसत हसत करायच्या, वर तोंडाने पकवाही घालायच्या. दम राखून पकवा घालणं हा फुप्फुसांचा वेगळाच व्यायाम.

फायद्याच्या गोष्टी हवेत बोलू नयेत म्हणून दोन अभ्यास सांगते. 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कच्या 75 वर्षांवरच्या 469 माणसांचा अभ्यास छापून आला. पोहणं, चालणं, नाचणं, वाचन, पत्ते अशा सवयी आणि म्हातारपणातला स्मृतिभ्रंश यांचा काय संबंध, हा प्रश्न होता. शारीरिक हालचालींपैकी नाच ही एकच गोष्ट अशी निघाली की जिच्यामागे स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. यातून नाचाने विसरभोळेपणा जातो असं सिद्ध होत नाही. ज्यांचं डोकं आधीच ठीक, तेच नाचायला जात असतील असंही असू शकतं. पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. जोडीने नाचताना पाऊल, ताल, समोरच्याचा तोल, आपला तोल, सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. ट्रेडमिलवर ते लागत नाही.

दुसरा अभ्यास 2015 चा, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला. एका तालात नाचलेल्या मुलांची वेदना सहन करण्याची ताकद वाढलेली दिसली, आणि ज्यांच्याबरोबर ती नाचली त्यांच्याविषयी जवळीकही वाढली. बसून हातवारे केले तरी, एकत्र एका तालात केले तर, परिणाम दिसलाच. मी मास्तरीण आहे, त्यामुळे हा अभ्यास मला जास्त जवळचा. वर्गात बाकावर शेजारी बसून वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना "मैत्री" या विषयावर निबंध लिहायला लावून काही होत नाही.

आता शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे गॅदरिंगसाठी आठवीच्या मुलींची फुगडी बसवली. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी पिनांनी घट्ट, प्रेक्षकांत फक्त आया आणि बहिणी. दोन तक्रारी आल्या. एक पालक म्हणाले, "ये तो उनका त्योहार है." दुसरे म्हणाले, "मुस्लिम मुलींना नाच शिकवताय?" म्हणजे एकाचं म्हणणं, ही फुगडी फार धार्मिक, दुसऱ्याचं, ही फुगडी फार बेदीन. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे कोणी विचारलं नाही. कार्यक्रम कापला गेला. मुली रांगेत उभ्या राहून नज्म म्हणाल्या. छान म्हणाल्या. हात मात्र दोन्ही बाजूंना काठ्यांसारखे लटकत होते.

पहिल्या तक्रारीचं उत्तर आधी. मंगळागौर ही पूजा आहे, हे मला माहीत आहे, आणि पूजेत मी बसणार नाही. पण पूजा झाल्यावर बायका रात्र जागवतात ती खेळांनी. नागपंचमीला खेळतात, गौरी-गणपतीत खेळतात, गोव्यात तर फुगडीचा स्वतंत्र थाट आहे. वारीत पुरुषसुद्धा फुगडी घालतात. दर ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते ती नाशिकमधूनच पंढरपूरला जाते. पांढऱ्या मिशांचे म्हातारे कसे गरगर फिरतात ते रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणीही बघावं. प्रसंग बदलत जातो, फुगडी तीच राहते. ती या मातीतली, मराठी बोलणाऱ्या बाईची आहे. आम्ही नऊवारीऐवजी शरारा घालतो म्हणून आमचे पाय काही वेगळे होत नाहीत. पुरणपोळी खाताना, भाकरी थापताना, "अगंबाई" म्हणताना आपल्याला कोणाचा धर्म आठवत नाही. फुगडीच्या वेळीच बरा आठवतो!

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती दीनचं नाव घेऊन येते. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण जे प्रत्येक मदरशात शिकवलं जातं ते तर सांगू शकते. ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाले घेऊन खेळत होते, आणि हजरत आयशा (रजि.) हुजूरांच्या (स.) आडोशाला उभ्या राहून, मन भरेपर्यंत तो खेळ बघत होत्या. ही हदीस बुखारीत आहे. अबू दाऊदमध्ये आहे की हुजूर (स.) आणि हजरत आयशा धावण्याची शर्यत लावायचे, एकदा त्या जिंकल्या, पुढे त्यांचं अंग भरल्यावर हुजूर जिंकले. नवरा-बायकोची शर्यत! आपल्याकडे चाळिशीतलं जोडपं एका कठड्यावर शेजारी बसलं तरी लोक खोकतात. नाचाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी लपवत नाही. पण बायकांनी बायकांमध्ये, पडद्यात, खुशीच्या वेळी खेळण्या-नाचण्याला अनेकांनी मुभा दिलेली आहे. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांनी घालू नये. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांच्या घरच्या लग्नात हळदीच्या रात्री पुरुष डीजेसमोर एकटे एकटे हातवारे करत पहाटेपर्यंत नाचतात आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या फुगडीवर आक्षेप घेतात, त्यांच्याशी आहे.

आता समोरच्या बाजूलाही दोन शब्द. 2025 च्या नवरात्रीआधी विश्व हिंदू परिषदेने महाराष्ट्रात जाहीर केलं की गरब्यात फक्त हिंदूंनाच घ्यावं, आधारकार्ड बघून आत सोडावं. गरबा ही देवीची उपासना आहे, असं कोणी श्रद्धेने म्हणत असेल तर मी मान राखून बाहेर थांबेन. पण तिकीट लावून, सिनेमाच्या गाण्यांवर, प्रायोजकांच्या फलकांखाली जो दांडिया होतो, त्याच्या दारात उपासना नेमकी कार्डापाशीच कशी आठवते? दांडियाची रचनाच अशी की ओळ पुढे सरकते आणि दर थोड्या वेळाने समोरचा जोडीदार बदलतो. ज्याच्याशी तुम्ही टिपरी वाजवली तो कोण, हे कळायच्या आत पुढचा येतो. अनोळखी माणसाशी ताल जुळवायला शिकवणारा खेळ, आणि त्याच्याच दारात ओळखपत्र.

आमचे राखणदार आणि त्यांचे राखणदार एकमेकांना भेटले तर त्यांचं छान जमेल, असं मला कधी कधी वाटतं. दोघांनाही एकच भीती आहे, की कोणाचा तरी हात कोणाच्या तरी हातात जाईल.

या भीतीवर एका माणसाने थेट काम केलं. पिअर दुलेन. 1944 मध्ये याफा शहरात जन्म, आई पॅलेस्टिनी, वडील आयरिश. पुढे न्यूयॉर्कमध्ये बॉलरूम नृत्याचा नामांकित शिक्षक झाला आणि शाळकरी मुलांना जोडीने नाचायला शिकवू लागला. मग म्हातारपणी याफाला परतला आणि ज्यू आणि पॅलेस्टिनी मुलांना एकमेकांबरोबर नाचायला उभं केलं. 'डान्सिंग इन याफा' या 2013 च्या माहितीपटात ते सगळं आहे. मुलं सुरुवातीला हात धरायलाच तयार नसतात, कोणी बाही पुढे ओढून बोटं झाकून घेतं. त्या नाचाने तिथलं काही थांबलं नाही, हे आज सगळं जग बघतंय. त्यामुळे नाचाने शांतता येते असलं गोड काही मी लिहिणार नाही. मुलगा-मुलगी जोडी लावणं आपल्या शाळांत चालणार नाही, आणि माझा तो आग्रहही नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट घ्यायची आहे की समोरच्याचा हात घामेजलेला आहे, तोही आपल्याइतकाच घाबरलाय, हे हात धरल्याशिवाय कळत नाही.

आता कोणी म्हणेल, मॅडम, झुम्बा आहे की. गंगापूर रोडला, इंदिरानगरला क्लास आहेत. असतील. फी आहे, रिक्षा आहे, आरसा आहे, आणि तासभर त्या आरशात स्वतःलाच बघायचं आहे. घामासाठी झुम्बा चांगलाच. पण आमच्या मोहल्ल्यातल्या बाईला घामाची कमतरता नाही, उन्हाळ्यात चुलीपुढे तो रोज येतो. तिला कमी आहे ती अशा दहा मिनिटांची, जिथे कोणीतरी तिचा भार पेलतंय आणि ती कोणाचं ताट वाढत नाहीये.

नवरा-बायकोंबद्दलही लिहायचं होतं. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात साठीतले काका-काकू जोडीने वॉल्ट्झवर फिरतात, कोणाला त्यात वावगं दिसत नाही. आपल्याकडे बंद दाराआड, स्वतःच्या निकाहातल्या माणसाचा हात धरून दोन गिरक्या घ्यायला कोणती शरीयत आड येते? आड येतं ते "लोक काय म्हणतील", आणि बंद दाराआड तर लोकही नसतात. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, आणि आमच्या घरून त्याला परवानगी मिळायची आहे.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही काही जणी एका गच्चीवर असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात जमतो. कठडा उंच आहे, आजूबाजूच्या खिडक्यांतून दिसत नाही. आधी तीन होतो, आता कधी सहा, कधी नऊ. एक खाला साठीच्या पुढच्या आहेत, त्या फक्त उभ्या राहून पकवा घालतात आणि आम्ही चुकलो की ओरडतात, "हात ढीला मत छोड़ो री!" शेजारच्या गल्लीतल्या एक मराठी ताई आवाज ऐकून वर आल्या, त्यांच्या सासूबाईंकडून त्या जाते फुगडी शिकल्या होत्या, ती त्यांनी आम्हाला शिकवली. बदल्यात आमच्याकडून शीरखुर्म्याची रेसिपी नेली. दोन जणी आठवडाभराने यायच्या बंद झाल्या, घरून मनाई आली म्हणून. त्यातली एक परत येते, सांगून येत नाही. कुठली ते मी लिहीत नाही.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी: काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. चप्पल नको, मोजेही नकोत. ओली फरशी अजिबात नको. बुरखा उतरवून ठेवा, ओढणी कमरेला बांधा. ज्यांना ब्लडप्रेशर, चकरांचा त्रास, ठिसूळ हाडं किंवा पोटात बाळ आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, किंवा खालांसारखा पकवा घाला. पहिल्या दिवशी पाचच गिरक्या. थांबताना हात एकदम सोडू नका. वेग कमी करत या, दोन्ही पाय नीट टेकू द्या, मग सोडा.