उचलून ठेवता येईल असा कॉम्प्युटर

मुंबईकरणींना बीडीडी चाळी सांगायला नकोत, पण गावाकडच्या मैत्रिणींसाठी सांगते. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव आणि परळजवळच्या डिलाईल रोडला या चाळी बांधल्या. एका बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची एक खोली. त्यातच स्वयंपाक, मोरी, कॉट, कपाट, देव्हारा. संडास सामाईक. गिरगावच्या, लालबागच्या चाळींतली बिऱ्हाडंही अशाच एका-दोन खोल्यांत मावलेली.

अशा खोलीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आला. बहुतेकदा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग जुळवून घेतलेला. दहा-बारा किलोंचा मॉनिटर, खाली सीपीयू, बाजूला यूपीएस, त्यासाठी टेबल आणि टेबलासाठी खुर्ची. खोलीचा एक कोपरा गेला तो गेलाच. मग शिलाई मशीन गॅलरीत नाहीतर माळ्यावर! कोपरा ज्याच्या अभ्यासासाठी दिला, खुर्चीही त्याचीच झाली. आईचा त्या यंत्राशी संबंध किती, तर धूळ पुसायची आणि रात्री कव्हर घालायचं. कुणी तिला अडवलं नव्हतं हो. पण तिनं तिथं बसावं, असंही कुणाला सुचलं नाही.

खरं तर याच वस्तीतल्या बायकांनी घरात बसून केवढं काम केलंय! १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तो लिज्जत. पुढे पीठ घरी न्यायचं, लाटायचं आणि पापड केंद्रावर आणून द्यायचे, ही रीत पडली. गिरणगावात खाणावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या पिचत, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी घरं बायकांच्या अशा कामांवर तगली.

या सगळ्या कामांची साधनं आठवून बघा. पोळपाट, लाटणं, डबे, वही. काम झालं की उचलून भिंतीला लावायची, आणि त्याच जागेवर रात्री अंथरूण. बाईच्या कामाला घरात कायमची जागा कधी नव्हतीच. त्यामुळे जे उचलून ठेवता येतं, तेच तिच्या हाती राहिलं. हलका लॅपटॉप हा या रांगेत बसणारा पहिला कॉम्प्युटर आहे, असं मला वाटतं.

२००७ मध्ये असुसचा ई पीसी आला तेव्हा त्याचं कौतुक झालं. वजन किलोच्या आत, पण सात इंचांचा पडदा आणि माहिती साठवायला जेमतेम जागा. घरातला दुसरा कॉम्प्युटर म्हणून ठीक, मुख्य म्हणून नाही. आता तसं नाही. सव्वा ते दीड किलोचा लॅपटॉप घरचा एकुलता एक कॉम्प्युटर म्हणून आरामात चालतो. मोठी व्हिडिओची कामं सोडली, तर हिशेब, पत्रं, अर्ज, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं त्यावर होतं. आणि वीज गेली तरी तो काही तास सुरू राहतो, हे ज्यांनी भारनियमन सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

‘मोबाइल आहे की, लॅपटॉप कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. मोबाइलवर वाचता येतं, पैसे पाठवता येतात. पण बचत गटाचा वर्षाचा ताळेबंद अंगठ्यानं करून बघा! बँकेला प्रकल्पाचा कागद द्यायचा, चाळीस डब्यांचं बिल काढायचं, दहा कागद जोडून फॉर्म भरायचा, तर कीबोर्डच लागतो. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्यांत मुलींनी, सुनांनी ते केलं. तुमच्यापैकीही अनेकींच्या फायलीत ते सर्टिफिकेट असेल. कॉम्प्युटर मात्र घरात नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या नमुना पाहणीत देशातल्या शहरी घरांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शिकलेलं हात लावल्याशिवाय राहतं का?

मात्र एक गोम आहे. ज्या वस्तूला जागा नसते, ती सगळ्यांची होते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हे घरोघर दिसलं. सकाळी मुलांची शाळा, दुपारी नवऱ्याचं ऑफिस, आणि बाईच्या वाट्याला रात्री अकरानंतरचा, बॅटरी संपत आलेला लॅपटॉप. तेव्हा घरात एकच घेणार असाल, तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. आपल्या खात्याचा पासवर्ड आपल्यापाशी ठेवा. ही लपवाछपवी नव्हे. गटाचा हिशेब खेळता-खेळता पुसला गेला, तर जबाब तुम्हालाच द्यायचाय. आणि दिवसातले दोन तास तुमचे, हे बोलून ठरवा. न बोलता मिळतील, या भरवशावर राहू नका.

घेताना वजन चार्जरसकट विचारा. रॅम किमान ८ जीबी, जमलं तर १६. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून इथं काटकसर नको. डिस्क एसएसडीच हवी. जुना घेत असाल, तर त्यावर विंडोज ११ चालतं का हे दुकानातच बघून घ्या, कारण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. मुख्य कॉम्प्युटर हाच, म्हणजे तो बिघडला की सगळं अडलं. तेव्हा वेगळी हार्ड डिस्क घेऊन दर आठवड्याला फायलींची नक्कल काढून ठेवा. पडदा लहान नि खाली असतो, मान धरते. तास-दोन तास बसायचं असेल तर लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून स्वस्तातला वेगळा कीबोर्ड जोडा.

आणि बिल. दुकानदार सवयीनं साहेबांचं नाव विचारील. पैसे तुमच्या कमाईतले असतील, तर तुमचं नाव सांगा. वॉरंटीच्या वेळी बिल लागतं, आणि धंद्याच्या हिशेबात खर्च दाखवायलाही तेच बिल लागतं.